पर्यावरणाच्या परदेशी करारांत पाणी कुठं मुरतं, ते कसं शोधायचं

दोन देशांमधला व्यवहार दोन वह्यांत लिहिला जातो. लाकूड जिथून निघालं तिथल्या कस्टम्सकडे त्याची एक नोंद असते, जिथे उतरलं तिथे दुसरी. मदतीचा पैसा देणाऱ्याच्या हिशेबात असतो आणि घेणाऱ्याच्याही. लाच देऊन एक वही बदलता येते. पण दोन वेगळ्या देशांतल्या, दोन वेगळ्या खात्यांच्या वह्या एकमेकींशी जुळतील अशा बदलणं फार अवघड जातं. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

मी सरकारी लेखापरीक्षणात नोकरी केली. त्यातली शेवटची बरीच वर्षं परदेशी मदतीवर चालणारे वनीकरणाचे आणि पर्यावरणाचे प्रकल्प तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आता हेच काम पत्रकारांसाठी आणि छोट्या नागरी गटांसाठी करते. सरकारं जागतिक परिषदांत जे कबूल करून येतात ते खरंच पाळलं जातंय का, आणि मधल्या वाटेवर कुणाचे हात ओले होतायत का, हे तपासायला अधिकारपद लागत नाही. लागणाऱ्या बहुतेक वह्या आज इंटरनेटवर उघड्या आहेत. त्या कशा वाचायच्या ते इथे लिहिते.

पहिली पायरी अगदी झटपट होणारी आहे. ज्या कराराबद्दल सरकार बोलतंय त्यावर नुसती सही झाली आहे की त्याला रीतसर मान्यता दिली आहे, ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कराराखाली देशांची यादी असते. एका रकान्यात सहीची तारीख, दुसऱ्यात मान्यतेची. अमेरिकेने घातक कचऱ्याच्या बाझल करारावर १९९० मध्ये सही केली, जैवविविधता करारावर १९९३ मध्ये, हवामानाच्या क्योटो करारावर १९९८ मध्ये. तिन्ही ठिकाणी दुसरा रकाना कोराच आहे. त्याच पानाच्या तळाशी देशांनी नोंदवलेले अपवाद असतात. तेही वाचा, कारण एखादा देश करारात असतो आणि नेमक्या तुमच्या विषयापुरता बाहेर असतो.

दुसरी पायरी म्हणजे एकच आश्वासन निवडायचं, आणि तेही मोजता येईल असं. ‘जंगलांचं रक्षण करू’ हे तपासता येत नाही. ‘अमुक वर्षापर्यंत जंगलतोड इतकी कमी करू’ हे तपासता येतं. निवडल्यावर लगेच विचारा की मोजणार कोण, आणि तो कुणाच्या हाताखाली आहे. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन फंडाचं उदाहरण कायम डोळ्यांसमोर ठेवा. २००८ मध्ये सुरू झालेल्या या फंडात सर्वांत जास्त पैसा नॉर्वेने घातला. जंगलतोड कमी झाली तर पैसे, अशी त्याची रचना. तोड मोजण्याचं काम ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था उपग्रहावरून करत होती, आणि तिचे आकडे सगळ्यांना बघायला मिळत. २०१९ मध्ये आकडे वाढले तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी ते खोटे ठरवले आणि ऑगस्टमध्ये संस्थेचे प्रमुख रिकार्दो गाल्वाँ यांना पदावरून जावं लागलं. त्याच महिन्यात नॉर्वेने पैसा थांबवला. तो सुरू झाला जानेवारी २०२३ मध्ये, नवं सरकार आल्यावर. मोजणाऱ्याची खुर्ची हलली की मी त्या वर्षाच्या आकड्यांवर लाल खूण करून ठेवते.

परवान्यावरचं एक अक्षर

आता मुख्य काम. सुरुवात करणाऱ्याने सायटीसपासून करावी असं माझं ठाम मत आहे. सायटीस म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. तो १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू आहे. दोन वह्यांची पद्धत इथे सगळ्यात स्वच्छ दिसते. प्रत्येक सदस्य देश दिलेल्या परवान्यांचा आणि झालेल्या व्यापाराचा वार्षिक अहवाल पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत देतो, आणि ते सगळं एका खुल्या माहितीसंचात जातं.

तो उघडा, एक प्रजाती निवडा, एक निर्यातदार देश निवडा आणि तक्ता उतरवून घ्या. प्रत्येक ओळीत निर्यातदाराने सांगितलेली संख्या आणि आयातदाराने सांगितलेली संख्या शेजारीशेजारी असतात. नवख्या माणसाची नजर तिथेच खिळते. तुम्ही पुढचे दोन छोटे रकाने आधी बघा. एकात हेतूचं अक्षर असतं: टी म्हणजे व्यापार, झेड म्हणजे प्राणिसंग्रहालय, एस म्हणजे शास्त्रीय काम. दुसऱ्यात प्राणी कुठून आला त्याचं अक्षर: डब्ल्यू म्हणजे रानातून पकडलेला, सी म्हणजे बंदिवासात पैदास झालेला.

चिंपांझी पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातला चिंपांझी व्यापारासाठी विकता येत नाही. परवान्यावर डब्ल्यूच्या जागी सी पडला की मात्र वाट मोकळी होते. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातून २००७ नंतरच्या काही वर्षांत शंभराहून जास्त चिंपांझी चीनला गेले, आणि कागदावर ते सगळे सी होते. गिनीत महाकाय वानरांची पैदास करणारं केंद्रच नव्हतं. सायटीसच्या सचिवालयाने पाहणी केली तेव्हा हे उघड झालं, आणि २०१३ मध्ये त्या देशाशी सायटीसमधल्या प्रजातींचा व्यापारी व्यवहार थांबवायला सगळ्या सदस्यांना सांगण्यात आलं. तिथल्या सायटीस कार्यालयाच्या माजी प्रमुखाला २०१५ मध्ये अटक झाली. एका पिल्लाला जिवंत पकडायचं तर त्याची आई आणि कळपातले आणखी काही जीव आधी मारले जातात. त्या एका अक्षरामागे किती जीव गेले हे कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि म्हणूनच ते अक्षर इतक्या बारकाईने बघायचं.

तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न असा: या देशात या प्रजातीची पैदास करण्याची सोय आहे का? असेल तर किती माद्या, वर्षाला किती पिल्लं? मंद गतीने वाढणारा प्राणी, छोटं केंद्र आणि अचानक शंभर सी, असा मेळ दिसला की तिथे थांबा आणि खोल जा.

संख्या जुळत नाहीत म्हणून लगेच चोरी झाली असं मात्र लिहू नका. काही देश प्रत्यक्ष निर्यात न सांगता दिलेले परवाने मोजतात, आणि सगळे परवाने वापरले जात नाहीत. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत पोचतो आणि दोन वर्षांत वाटला जातो. एकाने किलोत लिहिलं तर दुसऱ्याने नगात. ही साधी कारणं एकेक करून खोडल्यावरही जे उरतं, ते तुमचं.

लाकूड आणि कचरा

लाकडासाठी यूएन कॉमट्रेड हा जगाचा व्यापारी हिशेब वापरा. मालाच्या यादीत ४४ व्या प्रकरणात लाकूड आहे आणि ४४०३ खाली ओंडके. एका देशाची निर्यात आणि समोरच्याची आयात यांची जोडी लावा. पैशांत तुलना करू नका, कारण निर्यात बहुधा बंदरावरच्या किमतीने लिहितात आणि आयातीत वाहतूक व विमा मिळवलेला असतो. घनमीटर धरा.

लंडनच्या एन्व्हायर्न्मेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या संस्थेने मोझांबिकबाबत नेमकं हेच केलं. २०१२ मध्ये चीनने मोझांबिकमधून सुमारे ४,५०,००० घनमीटर लाकूड आल्याची नोंद केली. मोझांबिकच्या वहीत त्या वर्षी साऱ्या जगाला मिळून गेलेलं लाकूड होतं सुमारे २,६०,०००. उरलेलं जवळजवळ १,९०,००० घनमीटर कुठल्याही कर-पावतीशिवाय देशाबाहेर पडलं. जहाजभर ओंडके कुणाच्या नजरेतून सुटत नाहीत. बंदरावर, चौकीवर, परवाना खिडकीवर कुणीतरी मान वळवलेली असते. आणि बुडालेला कर एका गरीब देशाच्या तिजोरीतला होता.

कचऱ्याचं सूत्र तेच, फक्त उलट्या दिशेने. बाझल करार १९८९ मध्ये झाला, १९९२ पासून लागू झाला. घातक कचरा पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते, आणि बेकायदा पाठवला तर तो पाठवणाऱ्या देशाने परत न्यायचा असतो. २०२१ पासून मिसळलेलं, घाणेरडं प्लास्टिकही त्यात आलं आहे. कॅनडातून २०१३-१४ मध्ये फिलिपिन्सला १०३ कंटेनर गेले. कागदावर पुनर्वापराचं प्लास्टिक, आत वापरलेल्या डायपरसकट घरगुती कचरा. त्यातले ६९ परत जायला मे २०१९ उजाडला. अशा प्रकरणात जाहीर केलेला माल, संमतीपत्र आणि कंटेनर उघडल्यावरचा पंचनामा हे तीन कागद एकत्र मागा.

पैसा

२००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी हवामानाच्या कामाला वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडी या त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाने हा आकडा पहिल्यांदा ओलांडला गेला तो २०२२ मध्ये, ११५.९ अब्ज. २०२४ च्या बाकू परिषदेत नवं वचन दिलं गेलं: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. मोठा आकडा ऐकला की मी आधी त्यात काय काय मोजलंय ते बघते.

ओईसीडीच्या मदत-नोंदीत प्रत्येक प्रकल्पाला हवामानाचं चिन्ह असतं: ०, १ किंवा २. शून्य म्हणजे संबंध नाही, दोन म्हणजे तोच मुख्य हेतू, आणि एक म्हणजे हेतू आहे पण मुख्य नाही. सगळी ढील या एकमध्ये आहे. एक लावलेल्या प्रकल्पाची किती रक्कम हवामानाच्या खात्यात धरायची हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. कुणी चाळीस टक्के धरतो, कुणी पूर्ण शंभर. शिवाय कर्जही दर्शनी रकमेने मोजलं जातं, आणि २०२२ च्या सरकारी पैशात दोन तृतीयांशांहून जास्त वाटा कर्जांचाच होता. जी रक्कम व्याजासह परत जाणार आहे तिला मदत म्हणताना घेणाऱ्या देशाच्या जनतेला ते सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

रॉयटर्सच्या पत्रकारांनी २०२३ मध्ये या नोंदी ओळीओळीने वाचल्या. इटलीने आशियातल्या चॉकलेट-आइस्क्रीमच्या दुकानांना दिलेला पैसा, अमेरिकेने हैतीतल्या हॉटेलच्या विस्ताराला दिलेलं कर्ज, जपानने बांगलादेशातल्या कोळशाच्या वीजकेंद्राला दिलेलं कर्ज, हे सगळं हवामानाच्या मदतीत मोजलेलं सापडलं. याला भ्रष्टाचार म्हणू नका. नियमच इतके सैल होते की कुणाला ते मोडावे लागले नाहीत. हा फरक लेखात स्पष्ट राहिला नाही तर समोरचा एका चुकीच्या शब्दावर बोट ठेवून तुमचं सगळं काम फेटाळून लावतो.

घेणाऱ्याची वहीही उघडा. पॅरिस करारानुसार देशांना दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यायचा आहे. पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. श्रीमंत देशांनी दिलेल्या मदतीचे तक्ते देणं बंधनकारक आहे, गरीब देशांनी मिळालेल्या मदतीचे देणं ऐच्छिक. तरी अनेक देश देतात. प्रकल्पाचं नाव, वर्ष आणि रक्कम या तीन गोष्टींवर जोड्या लावा.

जोडी जुळली आणि पैसा देशात पोचला, असं धरू. आता तो जमिनीवर उतरला का? इथे अहवाल मागू नका. अहवाल नेहमी चांगला असतो. मूळ नोंदवही मागा. वनीकरणात ती म्हणजे मोजमाप पुस्तिका. रोपांसाठी किती खड्डे, कुठल्या मापाचे, कुणी मोजले, कुणी तपासून सही केली, हे तिच्यात असतं आणि तिच्यावरच बिल निघतं. एका प्रकल्पात मला पुस्तिका अगदी नीटनेटकी मिळाली. प्रत्येक पानावर तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि तारीख, कुठे खाडाखोड नाही. मी त्या अधिकाऱ्याची प्रवासभत्त्याची बिलं मागवली आणि तारखा शेजारी मांडल्या. खड्डे तपासल्याच्या दिवशी बिलाप्रमाणे साहेब दुसऱ्याच जिल्ह्यात मुक्कामाला होते. त्यांनी भत्ताही घेतला होता आणि खड्डेही मोजले होते. दोन्ही कागद त्यांच्याच सहीचे. पुढे जागेवर गेल्यावर खड्ड्यांची काय अवस्था होती हे सांगायची गरज नाही. तेव्हापासून मी प्रवासबिल, गाडीचं लॉगबुक आणि हजेरीपट मागितल्याशिवाय पुस्तिका बाजूला ठेवत नाही.

बाजूचं दार

करार जितका मोठा, तितकं लक्ष मुख्य दारावर असतं. लाच बाजूच्या दाराने येते. लायबेरियाने २०११ मध्ये युरोपीय संघाशी कायदेशीर लाकडाचा करार केला. मोठ्या तोडीच्या ठेक्यांना लिलाव, तपासणी, सगळं होतं. पण खासगी जमीनमालकांना स्वतःच्या जमिनीवर तोड करता यावी म्हणून एक साधा परवाना होता, आणि त्याला या अटी फारशा लागू नव्हत्या. २०१२ पर्यंत अशा ६३ परवान्यांखाली सुमारे २५ लाख हेक्टर गेले, म्हणजे देशाच्या जमिनीचा जवळजवळ चौथा हिस्सा. चौकशी समितीने त्यात बनावट कागदपत्रं आणि गैरव्यवहार नोंदवले आणि राष्ट्राध्यक्षांनी हे परवाने थांबवले. म्हणून करार झाल्यावर दोन-तीन वर्षांनी बघा की कुठल्या छोट्या, सवलतीच्या परवान्याची संख्या एकदम वाढली आहे. शेती, शाळा, रस्ता, ‘तातडीचं काम’ ही त्याची नेहमीची नावं.

परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळल्यावर कंपनीमागचा खरा मालक शोधायचा असतो. खाणी आणि तेलासाठी ईआयटीआय या पारदर्शकतेच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमातल्या देशांना २०२० पासून खऱ्या मालकांची नावं जाहीर करावी लागतात. युरोपात मात्र नोव्हेंबर २०२२ च्या न्यायालयीन निकालानंतर खऱ्या मालकांच्या काही नोंदवह्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. ठेकेदाराचं नाव जागतिक बँकेच्या बाद कंपन्यांच्या यादीत आहे का तेही बघा. ती खुली आहे. २०१० पासून एका मोठ्या विकास बँकेने वर्षाहून जास्त काळ बाद केलेली कंपनी या बँकांच्या आपसातल्या करारामुळे त्यातल्या इतर बँकाही बाद करतात.

वही नसेल तेव्हा हवा

काही वेळा दोन्ही वह्यांत शून्य असतं. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी-११ वायूचं उत्पादन माँट्रियल करारानुसार २०१० पासून जगभर बंद आहे, त्यामुळे कुठल्याच देशाच्या अहवालात ते दिसत नव्हतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नोआ या हवा आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतलं त्याचं घटणं २०१२ नंतर मंदावलं आहे, म्हणजे कुणीतरी नव्याने बनवतंय. पुढच्या वर्षी दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या मोजणी केंद्रांच्या नोंदींवरून माग निघाला तो पूर्व चीनमधल्या शानतुंग आणि हपेई प्रांतांच्या आसपास. वायू फोम बनवायला वापरला जात होता. बभ्रा झाला, कारवाई झाली आणि उत्सर्जन पुन्हा खाली आलं. तुमच्या विषयातही अशी तिसरी, कुणाच्या सहीची नसलेली नोंद शोधा: उपग्रहाची चित्रं, जहाजांचा मार्ग, नदीच्या पाण्याची तपासणी.

कुणाला विचारायचं, कुठे तक्रार करायची

माहिती अधिकाराचे कायदे आज शंभराहून जास्त देशांत आहेत. परदेशी व्यवहारात त्याचा मोठा फायदा असा की एका सरकारने नाकारलेला कागद दुसऱ्याकडून मिळतो. घेणारा देश देत नसेल तर देणाऱ्या देशाच्या खात्याकडे अर्ज करा. अर्जात ‘प्रकल्पाची सर्व माहिती’ असं लिहिलं तर सहा महिने जातील. कागदाचं नाव, तारीख, क्रमांक लिहा, एका अर्जात एकच कागद.

युरोप आणि आसपासच्या देशांसाठी पर्यावरणाची माहिती मिळण्याच्या हक्काचा १९९८ चा आरहुस करार आहे आणि त्याच्या पालन समितीकडे सामान्य माणूसही तक्रार करू शकतो. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी २०२१ पासून तसाच एस्काझू करार लागू आहे. जागतिक बँकेच्या पैशाने नुकसान होत असेल तर १९९३ पासून असलेल्या तपासणी मंडळाकडे बाधित दोन माणसंही अर्ज करू शकतात. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं हा गुन्हा ठरवणारा अमेरिकेचा कायदा १९७७ चा आहे, ओईसीडीचा करार १९९७ चा. म्हणजे लाच घेणाऱ्याच्या देशात दार बंद असलं तरी देणाऱ्याच्या देशात ठोठावता येतं.

तक्रारीआधी तुम्हाला कागद देणाऱ्या माणसाचा विचार करा. प्रतीवरचा शिक्का, कोपऱ्यातला आवक क्रमांक, फाइलमध्ये दडलेलं नाव आणि वेळ यांवरून तो ओळखला जाऊ शकतो. शक्य असेल तर तोच कागद उघड मार्गानेही मागवा आणि छापताना तीच प्रत वापरा. जंगल आणि पाणी वाचवणाऱ्या माणसांचे खून होतात, हे प्रत्येक वेळी लक्षात ठेवून वागा.

शेवटचं काम तफावत दोन्ही सरकारांना लेखी कळवायचं. दोन्ही आकडे, ते कुठून आणि कुठल्या तारखेला उतरवले, आणि तीन नेमके प्रश्न. माहितीसंचातले आकडे मागाहून सुधारले जातात, म्हणून उतरवलेल्या तक्त्याची तारखेसकट प्रत जपून ठेवा. उत्तरासाठी वाजवी मुदत द्या आणि आलेलं उत्तर काटछाट न करता छापा. पुढच्या वर्षीचे अहवाल आले की तीच ओळ पुन्हा उघडा. तुम्ही विचारल्यानंतर कुठली वही बदलली, हे बघायचं आहे.